माळ उतरली, मग फोटो कशाला?

गोष्ट १९५६ सालची. मी एक जुने एक्स-रे यंत्र आहे आणि मित्रांनो, मी भंगार नाही, हे आधी ऐकून ठेवा. लष्कराने मला छावणीत टाकून दिले. छावणीचे उल्हासनगर झाले, तेव्हा सिंधहून आलेल्या गिडवाणी डॉक्टरांनी माझी धूळ पुसून मला बराकीतल्या दवाखान्यात उभे केले.

बारवी नदीकडच्या वाडीतली येसू तीन वर्षांत चौथ्यांदा पिवळी होऊन आली. ताप, हुडहुडी, उजव्या कुशीत कळ. पित्ताच्या नळीत खडा असावा, असा डॉक्टरांचा संशय होता. तो काढला नाही तर येसू जगणार नव्हती. पण शिरेतून दिलेले औषध पित्तात उतरले, तरच ती नळी मला दिसे. भर काविळीत ते उतरत नसे.

"कावीळ ओसरली की लगेच ये," डॉक्टर म्हणाले.

"बरी झाल्यावर दवाखान्यात?" सासू जिजा हसली. "तुमची तऱ्हाच उलटी."

वाडीत देऊ भगताने येसूच्या डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली. ती रोज सैल होत खाली सरकते. पायाशी आली की कावीळ उतरली. मग दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे भगताचा अपमान, आणि रोग परत येतो म्हणे.

बाराव्या दिवशी माळ पायाशी आली. येसूने ती ओलांडली, थेट बदलापूर स्टेशन गाठले आणि गाडीने उल्हासनगरला आली. जिजा बडबडत मागे.

"माळ उतरली ना? मंग फोटू कशाला?"

"मागं तीनदा उतरली होती, आय. आज मला आत बघायचंय."

शिरेतून औषध घेऊन ती माझ्याखाली निजली. "सांस रोको, येसूबाई," डॉक्टरांनी श्वास धरायला सांगितले.

पहिल्या फोटोत नुसते धुके. तासाभराने दुसरा काढला. पांढऱ्या नळीत बोराच्या बीएवढा काळा ठिपका. मी दाखवला, मी.

जिजाने ओली फिल्म उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "माळेला हा कसा दिसंल," ती म्हणाली, "ती तर बाहेरून उतरती."

माझी किरणे सोडणारी नळी जळून आता वर्षे झाली. मला जिन्याखाली ठेवा, हरकत नाही. पण मित्रांनो, बरे वाटले म्हणून आत बघायचे टाळू नका.

येसूचे ऑपरेशन मुंबईत झाले. तिने नातसुना पाहिल्या. जिजा मरेपर्यंत वाडीतल्या पिवळ्या माणसांना दंडाला धरून आणत राहिली. डॉक्टर गेले, तेव्हा बराकीबाहेर अर्धी वाडी उभी होती. आणि देऊ भगत? येसूच्या फोटोनंतर दोनच वर्षांनी, पिवळे डोळे घेऊन, तोही माझ्याखाली निजला होता. माळ त्याने खिशात ठेवली होती.