राडारोडा

टाइलचा तुकडा बोटभरच होता – निळ्या किनारीचा, एका कोपऱ्याला अजून सिमेंट चिकटलेलं – आणि मास्तरांनी तो खिशातून काढून तिच्या फिजिओथेरपीच्या टेबलावर ठेवला तेव्हा तिला आधी नुसतीच किनार ओळखीची वाटली, मग ती कुठली ते कळलं, आणि तिने नजर पटकन मास्तरांच्या डाव्या मनगटाकडे वळवली.

"यावरूनच घसरलो," मास्तर म्हणाले. "ओढ्याच्या वळणावर कुणीतरी टेम्पोभर राडारोडा ओतून गेलंय. समोरून गाडी आली म्हणून बाजूला झालो, तर पाय थेट त्याच्यावर."

"मूठ मिटा," ती म्हणाली.

मूठ मिटत नव्हती. प्लास्टर नुकतंच निघालेलं, आणि व्हायोलिन शिकवण्यात जन्म गेलेली ती बोटं तिच्या तळव्यावर परक्यासारखी पडून होती... तिने सांधा हलकेच दाबला, आणि तिला दिसत राहिली ती आपल्याच ओट्यामागची निळ्या किनारीच्या टाइल्सची भिंत, तेलाच्या शिंतोड्यांनी पिवळी पडलेली, कामगारांनी पाडली त्या दिवशीची. ताईचा नवरा टेम्पो घेऊन आला होता. भावजी म्हणजे घरचाच माणूस. निम्मी पोती आज नेतो, उरलेली पुढच्या खेपेला, म्हणाले – आणि मी चहा केला, टेम्पो वळणाआड गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं, दार लावून घेतलं. कुठे नेणार हे विचारायचं डोक्यातच आलं नाही... आलं होतं. आलं होतं, आणि मी ते मागे सारलं, कारण ताईच्या संसारात मिठाचा खडा कशाला टाकायचा.

"त्या टेम्पोवाल्याचं एक सोडा," मास्तर म्हणत होते, "पण ज्याच्या घरचा माल आहे त्याला कळायला नको? कुणाच्या हाती देतोय, तो कुठे टाकतो?"

"दुखतंय का?"

"मला नाही. पण तुम्ही केव्हाच्या एकच बोट धरून बसलाय."

ती हसली. दुपारी जेवणाचा डबा न उघडताच तिने पालिकेत फोन लावला, राडारोडा नेणाऱ्या परवानाधारक गाडीवाल्याचा नंबर घेतला. तो माणूस सरळ बोलला – परवाना क्रमांक आधी पाठवतो, माल पालिकेच्या डेपोत उतरला की तिथली पावती आणून देतो, सकाळी येतो. इतकं सोपं होतं, याचाच तिला राग आला.

संध्याकाळी घरी पोचली तर भावजी मागच्या अंगणात. एक पोतं खांद्यावर चढलेलंच.

"राहू द्या, भावजी. उद्या दुसरी गाडी येतेय. परवान्याची."

"परवान्याची?" पोतं न उतरवताच ते हसले. "आणि आम्ही काय, चोरून नेतो?"

"आधीची पोती कुठे टाकलीत?"

हसू विरलं. त्यांनी पोतं सावकाश खाली ठेवलं, कपाळावरची धूळ बाहीने पुसली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तेव्हा विचारलंस?" ते म्हणाले.

"ओढ्याच्या वळणावर एक म्हातारा माणूस पडला. हात मोडला त्यांचा."

भावजी पोतं तिथेच सोडून बाहेर गेले. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेला. आणि थोड्याच वेळात तिचा फोन वाजू लागला – ताईचा. ती पोत्यांच्या रांगेशेजारी पायरीवर बसून राहिली. फोन थांबला, पुन्हा वाजला. ताईला काय सांगायचं ते सुचेल, न सुचेल... सोमवारी मास्तर पुन्हा येणार, हात तिच्या हातात देणार, तिचे आभार मानणार. दिवसभर तिला धास्ती होती ती टाइल कुणाच्या घरची हे त्यांना कळेल याची. आता अंगणात अंधारून येत असताना तिच्या लक्षात आलं, की धास्ती अजून आहे, पण वेगळीच – आपण बोललो नाही, तर त्यांना कधीच कळणार नाही.