तानुबाईची डोण आपोआप भरत नाही

मित्रांनो, जिंतूरच्या रस्त्यावर एस.टी. थांबते आणि कंडक्टर ओरडतो, "तानुबाईची डोण, उतरा!" ती डोण म्हणजे मी. जनावरांनी पाणी प्यावं म्हणून घडवलेली, जुनी, बेढब, दगडी डोण. या वस्तीला माझ्यावरून नाव पडलं, तेव्हा थोडा तोरा मिरवणारच!

निजामाच्या काळात तानुबाईने पाथरवटाकडून मला घडवून घेतलं आणि आपल्या विहिरीपाशी बसवलं. पहिला पोहरा वाटेवरच्या मुक्या जनावरांसाठी माझ्यात, मग घरची घागर, असा तिचा नेम होता. पुढे पाण्याला येणारी प्रत्येक बाई तो पाळू लागली. बाजाराचे बैल माझ्यात तोंड घालत, तेव्हा मला फार बरं वाटे.

तानुबाई गेली आणि तिची गोष्ट उरली. ती सांगता सांगता वाढतच गेली. तिच्या पुण्याईने डोण आपोआप भरते, असं लोक म्हणू लागले. मी दगड, बोलणार कशी? मग वस्तीत हापसा आला आणि विहिरीवरची वर्दळ सरली. लोक मला हळदकुंकू लावत, नारळ फोडत. पाणी मात्र कुणीच घालेना.

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते, त्या वर्षांतली गोष्ट. वैशाखातल्या एका दुपारी पाथरीकडचा आश्रुबा जिंतूरच्या बाजारात घेतलेला बैल हाकत घरी चालला होता. वाटेत तानुबाईची डोण आहे, एवढ्या भरवशावर तो निघालेला. बैलाने माझा कोरडा तळ चाटला आणि तिथेच बसकण मारली. किती उठवला तरी उठेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नारळ घेऊन आलेले किशनराव म्हणाले, "थांबा पाव्हणं, तानुमाय भरंल डोण. हात जोडा."

ते ऐकून तानुबाईची म्हातारी सून केशरबाई खवळली. "कवाच आपोआप भरली न्हाई ती! शेंदून शेंदून माझ्या सासूच्या हाताला फोडं यायची. मी बघितलंय. लय झालं हात जोडणं, दोर धरा की!"

तिने घरातून जुना पोहरा आणला आणि स्वतःच विहिरीत सोडला. तो वर ओढून ती माझ्याकडे आली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. किशनरावांनी ओशाळून नारळ खाली ठेवला आणि दोर हाती घेतला. आश्रुबा बैलाच्या तोंडावर पाणी मारत राहिला. सहाव्या पोहऱ्याला बैल उठला आणि माझ्यात मान घालून पोटभर प्यायला. आश्रुबा लेकरासारखा रडला.

त्या दिवशी केशरबाईने सगळ्यांना बजावलं, नारळ नंतर, आधी दोन पोहरे. शाळेची पोरंही आता येता-जाता मला भरतात.

मित्रांनो, तुमच्या गावाचं नाव कसं पडलं, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती चमत्कार सांगतीलच. त्या माणसाने काम काय केलं, तेही विचारून घ्या. आणि इकडून गेलात, तर माझ्या पाया पडू नका. विहीर शेजारीच आहे आणि दोर पोहऱ्याला बांधलेला आहे.