दुसरं पाणी

सुंदरम्मांनी डाव्या हाताच्या बोटांनी कप दाराच्या दिशेने सारला, थोडा चहा बशीत सांडला आणि त्यांना सांभाळायला ठेवलेल्या मायाक्काने सकाळपासून दुसऱ्यांदा वहीत शून्य लिहिलं. दहा वाजले होते. सहा वाजता डॉक्टर येणार होते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर दोन आठवडे इस्पितळात काढून सुंदरम्मा घरी आल्या, त्याला तीन दिवस झाले होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. सलाइन काढल्यापासून पोटात गेलं ते गोळ्यांबरोबरचं चार चमचे पाणी. काल डॉक्टर स्पष्ट बोलून गेले होते की यांना गिळता येतंय, पण या घेत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत निदान एक कप काहीतरी गेलं नाही, तर पुन्हा भरती करायचं आणि नाकातून नळी घालायची.

मायाक्काच्या सासूला अशीच नळी घातली होती. म्हातारीने ती दोनदा उपसून काढली, म्हणून तिचे हात खाटेला बांधले आणि त्या बांधल्या हातांनीच ती गेली. त्याला नऊ वर्षं झाली, तरी नळीचं नाव काढलं की मायाक्काला ते बांधलेले हात दिसत.

सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली ही बाई गेली चौदा वर्षं सोलापुरात दिवसपाळीला आजारी माणसं सांभाळत होती. एवढ्या घरांत वावरल्यावर तिचं एक मत झालं होतं. घर ओळखायचं असेल तर देव्हारा बघू नये, चहाचं पाणी कसं उकळतात ते बघावं. तिच्या माहेरी तीन दगडांवर पातेलं चढायचं. शेळीचं दूध, पाणी, पूड सगळं एकदम, आणि तीन उकळ्या आल्याशिवाय ते उतरवायचं नाही. सात रस्त्याजवळच्या निवृत्त मास्तरांकडे पाण्याला आधण आलं की गॅस बंद, मग पूड, मग झाकण. पूड टाकल्यावर कुणी चहा उकळला तर मास्तरीणबाई कपाळाला हात लावत. एका मुसलमान घरात एका शेगडीवर सकाळभर कोरा चहा मुरत असे आणि दुसरीवर दूध आटत असे. आपलीच रीत खरी, असं प्रत्येकाला वाटायचं. मायाक्का सगळीकडे व्हय म्हणायची आणि सांगतील तसं करायची.

या घरात विजेची किटली होती. अम्मांना खोलीत एकटं सोडून स्वयंपाकघरात जावं लागू नये, म्हणून बँकेत जाणाऱ्या सूनबाईंनी, रुपालीने, ती पलंगाशेजारीच ठेवली होती. नळाला पाच दिवसांनी येणारं, पिंपात साठवलेलं पाणी, आणि ते उकळलं की नाही ते त्या यंत्राने ठरवायचं, हे मायाक्काला अजिबात पटलेलं नव्हतं. अम्मांनाही पटलं नसेल, असं तिने मनाशी धरलं.

मग अकरा वाजता तिने घरून बाटलीत आणलेलं शेळीचं दूध काढलं आणि गॅसवर आपल्या माहेरचा चहा केला. अम्मांनी कप हातात घेतला, आत पाहिलं, दाराकडे सारला. साडेबाराला मास्तरांच्या पद्धतीचा केला. तोही सारला. रागाने फेकला असता तर मायाक्काला समजलं असतं. पण अम्मा कप शांतपणे सारायच्या आणि मग दाराकडे बघत बसायच्या, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. ओठांवर पापुद्रे आले होते.

दुपारी अम्मांची हातावरची कातडी तिने चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटल्याची ती खूण होती, आता मात्र मायाक्का घाबरली. तिने रुपालीला बँकेत फोन लावला आणि झटक्याआधी अम्मा चहा कशा प्यायच्या, ते विचारलं. रुपालीने आठवून पाहिलं. सकाळी अम्मा तिला आणि मुलाला, अंबादासला, चहा करून देत, स्वतःचा मात्र ते कामावर गेल्यानंतर घेत. जुनी गल्ली सोडून इथे आल्यापासूनच्या दोन वर्षांत तो कसा करतात ते कुणी पाहिलंच नव्हतं. मग मायाक्काने, पूर्वीच्या गल्लीतलं जुनं माणूस कोणी आहे का, असं विचारलं.

साडेचारला रिक्षातून कमलम्मा आली. साखर पेठेतल्या त्या गल्लीत दोघींनी शेजारीशेजारी बसून तीस वर्षं विड्या वळल्या होत्या. तिने मैत्रिणीच्या केसांतून हात फिरवला, तेलुगूत काहीतरी पुटपुटली, डोळे पुसले आणि मग तिपाईवरचा गार झालेला चहा बघून मायाक्काला विचारलं, "हे तू तिला पयलंच्या पयलं दिलीस?"

"मग काय करू? ताजा च्या हाय की."

"ती पयलं पीत नाही गं. आमच्यात पयला पेला मागावर विणणाऱ्याला जायचा. माग थांबवता येत नाही ना, मालक तितंच उभ्याउभ्या प्यायचे. रिकामा पेला परत आला की त्याच पत्तीवर दुसरं पाणी टाकायचं, परत उकळायचं. ते आमचं, बायकांचं."

"आन् साखर?"

"भांड्याला लागलेली असती की थोडी."

मायाक्काने तिपाईवरच्या कपाकडे पाहिलं. सकाळपासून ती अम्मांपुढे चांगल्यातला चांगला चहा ठेवत होती, आणि त्या तो ज्याचा त्याला पाठवत होत्या. मालक, अम्मांचे यजमान, जाऊन अकरा वर्षं झाली होती. मागही विकला होता. त्यानंतर पहिला पेला मुलाकडे जात राहिला होता.

"आता कुनाला पाजू पयला?" तिने विचारलं. अंबादासदादा यायला सहा वाजणार होते.

"घरात काम कोण करतंय आत्ता? तूच की. तू पी."

कमलम्माला परतीच्या रिक्षाची घाई होती, ती गेली. मायाक्का स्वयंपाकघरात उभी राहिली. तिचा पेला इथेही, बाकीच्या घरांसारखाच, खिडकीत वेगळा ठेवलेला होता. तिचा चहा सगळ्यांचा झाल्यावर, आणि उभ्याने. पेशंटच्या घशात थेंब नाही आणि बाई खुर्चीत बसून चहा पिते आहे, हे सूनबाईंनी पाहिलं तर उद्यापासून काम गेलंच. घड्याळात साडेपाच झाले होते. तिने पातेलं ठेवलं.

या वेळी तिने अम्मांच्या जुन्या पितळी पेल्यात चहा ओतला आणि तो त्यांच्या हातात दिला. अम्मांनी तो सारला. तेव्हा मायाक्काने तो उचलला, समोरच्या खुर्चीत बसली आणि प्यायली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी कुणीतरी चहा पुढे केला होता. अम्मा तिच्याकडे टक लावून बघत होत्या. मायाक्काने पेला परत दिला, पण चांगल्या चहाचे दोन घोट मुद्दाम तळाशी ठेवून. तेवढं तरी म्हातारीच्या तोंडी लागावं, असं तिला वाटलं.

अम्मांनी पेला तिरपा केला, आत पाहिलं आणि परत मायाक्काकडे सारला.

त्याच वेळी बाहेरून दार उघडलं. अंबादास, रुपाली आणि मागे डॉक्टर.

"मायाक्का, हे काय चाललंय?" रुपाली म्हणाली.

मायाक्का खुर्चीत पुढे सरकली. उठावं असं वाटलं, पण अम्मांची बोटं अजून पेल्यावर होती. तिने बसल्या जागी ते दोन घोट संपवले. मग उठली, कुणाकडे न बघता आत गेली आणि पातेल्यातल्या उरलेल्या पत्तीवर पाणी ओतून ते पुन्हा उकळलं. तिघंही दारात उभी होती. तिने ते फिकट तांबूस पाणी त्याच पेल्यात गाळलं, थोडं निवू दिलं आणि अम्मांना दिलं.

अम्मांनी पेला दोन्ही ओठांत धरून ते घेतलं. एक घोट, थांबून दुसरा. ओघळ हनुवटीवर आला तो मायाक्काने पदराने टिपला. पाच-सात मिनिटं गेली. पेला रिकामा झाला आणि त्यांनी तो पालथा घातला.

डॉक्टर म्हणाले, आज नळी नको, उद्या बघू. मायाक्काने सगळ्यांना कमलम्माचं बोलणं सांगितलं, मग वहीत वेळ लिहिली आणि पुढे एक पेला असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

भांडी विसळायला ती आत गेली, तेव्हा अंबादास गाळणं हातात घेऊन मोरीपाशी उभा होता. दोनदा उकळलेली ती पत्ती टाकायला त्याचा हात होत नव्हता.

"मावशी, उद्यापासून मला सकाळचा चहा नको," तो म्हणाला.

मायाक्काने त्याच्या हातातून गाळणं घेतलं.

"नको म्हनू नका, दादा. तुमी प्यालाशिवाय त्या पिनार न्हाईत."

तो मोरीपासून बाजूला झाला. मग त्याने फळीवरचा आपला कप काढला आणि सकाळसाठी शेगडीजवळ मांडून ठेवला.