कप्तानाचा पलिता

एकोणऐंशी साली आमच्या निर्मळच्या नाट्यमंडळाने वसईच्या वेढ्यावर संगीत नाटक बसवलं. लिहिलं विद्याधर मास्तरांनी, पेटीवर श्रीपतबुवा, आणि मी मराठी सरदार. फिरंगी कप्तानाचं काम आग्नेलकडे आलं. त्याची केळीची वाडी आमच्या वाडीला लागून. चर्चमध्ये तो गायचा, म्हणून मास्तरांना तोच हवा होता.

हा कप्तान मास्तरांनी मनाने रचलेला. वसईतच जन्मलेला, इथलीच बायको केलेला. किल्ल्याबाहेरच्या गावात मराठे लपलेत, गाव तोफेने उडव, असा त्याला हुकूम येतो. त्याच गावात बायकोचं माहेर. तिसऱ्या अंकात तो पेटता पलिता घेऊन तोफेपाशी उभा राहतो, पद म्हणतो आणि शेवटी डोळे मिटून बत्ती देतो. तोफ वाजली की मी तलवार उपसून आत शिरायचं.

तालमीत आग्नेलचा सूर चोख लागायचा, पण मास्तरांचं समाधान होत नव्हतं.

"गातोस छान रे, पण तुला काही जड जात नाहीये," ते म्हणायचे.

"मास्तर, मला तोफ दिसते. गाव कुठे दिसतंय?"

खरंच होतं ते. समोर शाळेचं मोकळं मैदान असायचं.

प्रयोग जत्रेच्या दिवसांत, संध्याकाळी लागला. मैदान गच्च भरलं. पाचूबंदरच्या कोळणी आल्या होत्या, वाडीवाले आले होते. अगदी पुढे आग्नेलची आई सालोमी लाल लुगडं नेसून बसली होती. तिच्या शेजारी माझी आई, दोघींच्या मध्ये शेंगांचा पुडा.

तिसरा अंक सुरू झाला. मी विंगेत तयार. मागे मंडळातला बेसिल काठी घेऊन पत्र्याच्या पिंपापाशी, तोफ वाजवायला. आग्नेल पलिता घेऊन पुढे आला. तोफेचं तोंड लोकांकडे होतं. त्याने समोर पाहिलं आणि तो थांबला.

मग त्याने पद उचललं. "कोण आपुले, कोण परके, सांग मजला सागरा." हे पद मी शंभरदा ऐकलं असेल, पण तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. श्रीपतबुवांचे हात पेटीवरून कधी उचलले गेले, त्यांनाही कळलं नाही. एवढ्या मैदानात एक मूल रडलं नाही. सालोमीने हात जोडले होते.

पद संपलं. पलिता तोफेशी गेला, तिथेच अडला. बेसिल काठी उगारून माझ्याकडे बघत होता. मग आग्नेलने पलिता जमिनीवर टेकवला आणि बुटाने विझवला.

माझं शिरणं तोफेच्या आवाजावर होतं, आणि आवाज तर झालाच नव्हता. मी तसाच आत गेलो. तलवार उपसायची राहूनच गेली. आग्नेलने स्वतःची तलवार दोन्ही हातांवर घेऊन पुढे केली. माझं पाठ केलेलं दरडावणीचं भाषण ओठावर येईना. मी वाकून मुजरा केला. पडदा पडला. मग जी टाळी आली, तिने मंडपाचे वासे हलले.

रंगपटात मास्तर आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"गाव दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं, मास्तर. पहिल्याच रांगेत बसलं होतं," आग्नेल म्हणाला.

"मग पुढच्या प्रयोगाला तोफेचा आवाज काढून टाकू."

"नको. बेसिलला उभं राहू द्या. मी काय करीन ते मला आजही ठाऊक नव्हतं, पुढेही नसेल."

पुढे तालुकाभर प्रयोग झाले. प्रत्येक वेळी बेसिल काठी उगारून आणि मी श्वास रोखून विंगेत उभे असायचो, आणि आग्नेल समोरच्या गावाकडे पाहत असायचा.