जिमखान्याचा मार्कर

“मशीनचा सासरा मरत न्हाय, शरणप्पा,” रणधीर म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

निळ्या डब्याने घरघर केली आणि भोकाभोकांचा पिवळा चेंडू फटकन बाहेर फेकला. मग दुसरा, मग तिसरा. रणधीरने तिन्ही मारले. त्यातले दोन कुंपणाबाहेर गेले आणि ते आणायला शरणप्पाच गेला. गेल्या महिन्यात सासऱ्याच्या मातीला म्हणून तो दोन दिवस जळकोटला गेला होता. एकतीस वर्षांत मागून घेतलेली ती चौथी का पाचवी रजा, पण रणधीरने ती अशी जपून ठेवली होती.

शरणप्पा धाराशिवच्या त्या जिमखान्यात मार्कर होता. टेनिसचं कोर्ट राखायचं, मुरूम दाबायचा, पाणी मारायचं, फक्कीने रेषा ओढायच्या आणि ज्या सभासदाला जोडीदार मिळाला नसेल त्याच्याशी खेळायचं, हे मार्करचं काम. खेळायचं म्हणजे हरायचं. तेही असं, की हरवणाऱ्याला आपण घाम गाळून जिंकलो असं वाटलं पाहिजे. त्यासाठी जिमखान्यात एक रिवाजच पडला होता. सभासद दमला किंवा फार मागे पडला, की तो खाकरायचा. खाकरलं, की पुढचा चेंडू हळू, उंच आणि बरोबर त्याच्या उजव्या हाताला आलाच म्हणून समजा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. जुने सभासद नव्यांच्या कानात सांगत. बदलून आलेले साहेब, वकील, डॉक्टर, सगळे खाकरून जिंकले आणि शरणप्पा निमूट चेंडू गोळा करत राहिला.

मग टेनिस गेलं आणि पिकलबॉल आला. कोर्ट लहान, जाळी बुटकी, हातात टेबल टेनिसच्या बॅटीची थोरली बहीण शोभावी असं पॅडल. सुटलेल्या पोटांना झेपणारा खेळ. रणधीर जिमखान्याचा सेक्रेटरी आणि धंद्याने गुत्तेदार. शरणप्पाने एकतीस वर्षं दाबलेल्या मुरुमावर त्याच्याच माणसांनी चार दिवसांत सिमेंट ओतलं, वर हिरवा रंग मारला. शरणप्पा त्या चार दिवसांत कोर्टाकडे पाठ करून बसला होता.

“तीन आठवड्यांनी रविवारी कमिटी बसनार हाय,” रणधीर घाम पुसत म्हणाला. “तिथं माझ्यासंगं खेळून दाखव. खेळ जमला तर ठिवू तुला. न्हाय जमला तर एक तारखेपासून मशीन हाय.”

“मला ह्यो खेळ कुनी शिकवला न्हाय, सायेब.”

“मला कुनी शिकवला? मोबाईल हाय न खिशात? त्यात सगळं असतंय. बघायचं अन् करायचं.”

बारा वर्षांनी लहान माणूस अरे-तुरे करतो, हे शरणप्पा इतकी वर्षं गिळत आला होता. त्या दिवशी ते घशाखाली उतरेना. घरी येईपर्यंत तो रणधीरला मनातल्या मनात मराठीतून आणि कानडीतून शिव्या देत होता, आणि दोन्ही भाषा अपुऱ्या पडत होत्या.

घरामागे चिंचोळं अंगण होतं. धुण्याच्या दगडावर मोबाईल टेकवून शरणप्पा व्हिडिओ बघायला बसला. एक हिंदी बोलणारा टकला माणूस होता, एक गोरी बाई होती. बाईचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचं मनगट कळत होतं. तिने भिंतीवर रेघ मारली, याने कोळशाने मारली. तिने भिंतीवर सलग शंभर चेंडू मारले, याचे पहिल्या दिवशी अकरा झाले आणि बारावा न्हाणीच्या दिव्यावर बसला.

जाळीलगत दोन्ही अंगांना सात-सात फुटांची पट्टी असते. तिला किचन म्हणतात. तिच्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. जाळीवरून अलगद समोरच्या किचनमध्ये टाकायचा, म्हणजे त्याला वाकावं लागतं. यासाठी टकल्याकडे तऱ्हेतऱ्हेची साधनं होती. शरणप्पाने दोन बाजा उभ्या करून मध्ये बायकोचं, इरम्माचं, जुनं लुगडं फाडून ताणलं, त्याच्या वर दोन वितींवर सुतळी बांधली. लुगडं आणि सुतळी यांच्या मधून चेंडू गेला पाहिजे. पलीकडे पाट्या मांडल्या. चेंडू पाटीत पडला पाहिजे. आठ दिवसांत दहांतले सात पडायला लागले. हात जुनाच होता, त्याला नवं मोजमाप कळायला वेळ लागला नाही.

अडलं ते पुढच्याच धड्याला. टकला आणि ती गोरी, दोघंही हात जोडून विनवल्यासारखं एकच सांगत होते: समोरच्याच्या पायाशी मारा. जिथे तो अवघडेल, जिथे त्याचा हात पोचायला उशीर होईल, तिथे.

त्यासाठी समोर माणूस हवा होता. शरणप्पाने प्लायवूडचं एक पॅडल कापलं आणि इरम्माला दिलं. इरम्माने आधी त्याला, मग जिमखान्याला आणि शेवटी लुगडं फाडल्याबद्दल पुन्हा त्याला शिव्या घातल्या, पदर खोचला आणि उभी राहिली.

दहा चेंडू झाले, वीस झाले.

“अवो, पायात मारा म्हनलं न त्यानं?”

“मारायलोय की.”

“कुठं मारायलाव? माझ्या हातात आणून द्यायलाव. परसाद वाटल्यागत.”

शरणप्पाने पुन्हा मारला. मारताना नजर तिच्या पावलांवर होती, मनगटही तिकडेच वळलं होतं, तरी चेंडू हळू, उंच आणि तिच्या उजव्या हाताला गेला. तिने तो सहज परतवला. त्याने पॅडल दगडावर आपटलं.

“तुमाला जिंकताच येत न्हाय,” इरम्मा म्हणाली. “एकतीस वर्सं लोकायला जिंकवलाव, आता हात तसाच झालाय. मशीन परवडलं की वो तुमच्यापरीस. त्येला बटण तरी असतंय.”

“तोंड बंद कर.”

“माझं कशाला? ज्याचं करायचं त्याचं होईना तुमच्यानं.” ती दोन पावलं मागे गेली, पोट पुढे काढलं आणि रणधीरसारखा दरडावणीचा आवाज काढला, “ए शरणप्पा! चेंडू आण! सासरा मेला का रं तुझा?”

मेलेला सासरा तिचा बाप होता. हे म्हणताना तिच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. शरणप्पाने चेंडू टाकला आणि मारला. तो लुगड्यावरून सपाट गेला आणि इरम्माच्या घोट्यावर असा बसला, की ती खालीच बसली.

तो धावला. तिने त्याचा हात झटकला.

“आता आला,” ती घोटा दाबत म्हणाली. “आनखी मारा.”

त्यानंतरचे आठ दिवस ती लंगडत धुणी-भांडी करत होती आणि संध्याकाळी लंगडतच समोर उभी राहत होती.

रविवारी सकाळी आठला कमिटी खुर्च्या टाकून बसली. मधोमध अध्यक्ष गौरीशंकरअण्णा, अडतीचे जुने व्यापारी. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण अध्यक्षाने काय बोलायचं ते पक्कं ठाऊक होतं. पंधरा-वीस सभासद कुंपणाशी उभे होते. अकरा गुणांचा खेळ, ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच गुण.

शरणप्पाने पहिले पाच गुण घेतले तेव्हा लोक कौतुकाने हसले. सात झाले तेव्हा हसणं थांबलं. रणधीर पुढे आला की चेंडू त्याच्या पायाशी येत होता, मागे गेला की किचनमध्ये अलगद पडत होता. त्या सात फुटांसाठी रणधीर धावत होता, वाकत होता, धापा टाकत होता. नऊ-तीन झालं. शरणप्पाच्या अंगात असं काही चढलं होतं, जे त्याला आजवर माहीतच नव्हतं. त्याला हे आवडत होतं. रणधीरचे लालबुंद कान बघायला तर फारच आवडत होतं.

रणधीर खाकरला.

शरणप्पाने ऐकलं, आणि त्याच्या आधी त्याच्या हाताने ऐकलं. चेंडू हळू, उंच, उजव्या हाताला गेला. रणधीरने तो ठोकला. सर्व्हिस त्याच्याकडे गेली. तो पुन्हा खाकरला. नऊ-चार. मग पाच, सहा, सात. हात आपला देतच होता.

“हां!” गौरीशंकरअण्णा खुर्चीत हलले. “आता कसं झ्याक खेळायलाय शरणप्पा!”

कमिटीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. तेव्हा शरणप्पाच्या डोक्यात उजेड पडला. तीन आठवडे तो चुकीच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. ह्यांना खेळ बघायचाच नव्हता. नव्या सिमेंटवरसुद्धा हा खाकरलेलं ऐकतो का, एवढंच बघायचं होतं. आणखी चार चेंडू असेच दिले, की नोकरी शाबूत. हात तयारच होता, त्याला काही सांगायचीही गरज नव्हती.

रणधीर सर्व्हिसला उभा राहिला. त्याच्या जिवात जीव आला होता आणि आवाजही परत आला होता. “बायकोच्या हातात पॅडल देऊन सराव करायलाय म्हनं हा,” तो कुंपणाकडे बघून मोठ्याने म्हणाला. “तिलाच पाठवायचं होतं की रं. मशीनपरीस स्वस्त पडली असती.”

कुंपण खदाखदा हसलं. गौरीशंकरअण्णाही हसले. रणधीरने खाकरून सर्व्हिस केली.

शरणप्पाने ती खोलवर परतवली. रणधीरचा चेंडू मधोमध आला, हळू, उंच, कुणीही मारावा असा. शरणप्पाने तो पायाशी मारला. रणधीर उडी मारून चुकला. सर्व्हिस शरणप्पाकडे आली. पुढचाही चेंडू तसाच पायाशी. दहा-सात. पुढच्या चेंडूला रणधीर दोनदा खाकरला, नंतर उघडच म्हणाला, “शरणप्पा, बास आता.” चेंडू त्याच्या उजव्या बुटाच्या टोकावर आदळला आणि कुंपणापर्यंत गडगडत गेला.

अकरा-सात. कुणी टाळी वाजवली नाही.

गौरीशंकरअण्णांनी शेजारच्याशी कुजबुज केली. फार वेळ लागला नाही. “हे बघ शरणप्पा,” ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “खेळ आला तुला. न्हाय म्हननार न्हाय मी. पर सभासद इथं दोन घटका बरं वाटावं म्हनून येतेत. तू सेक्रेटरीलाच असा पळवायला लागलास तर बाकीच्यायचं काय? मशीनचं बरं असतंय बघ. जेवढं लावलं तेवढंच मारतंय.”

“व्हय, अण्णा,” शरणप्पा म्हणाला.

“एक तारखेपासून मग...”

“कळलं.”

त्याला वाईट वाटलं, आणि ते त्याने स्वतःपाशी नाकारलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी कुठे जायचं, कोण ठेवणार, इरम्माला काय सांगायचं, हे सगळं एकदम छातीवर येऊन बसलं. पण शेवटचे तीन चेंडू परत घ्यावेत असं मात्र त्याला वाटेना.

रणधीर खुर्चीत बसून मान पुसत होता. “ए, हो बाजूला,” तो म्हणाला. “पुढची जोडी थांबलीय.”

शरणप्पा बाजूला झाला नाही. तो जाळीपाशी गेला आणि त्याने पॅडल जाळीवरून पलीकडे धरलं. व्हिडिओतले सगळे खेळ असेच संपत. दोघंही जाळीपाशी येत, पॅडलला पॅडल टेकवत आणि मग आपापल्या वाटेने जात. हरलेलाही येई.

“या, सायेब.”

“कशाला?”

“खेळ झाल्यावर यायचं असतंय. तुमीच म्हनलाव न, मोबाईलमधी सगळं असतंय.”

रणधीरने कमिटीकडे पाहिलं. कमिटीने हिरव्या सिमेंटकडे पाहिलं. पुढच्या जोडीतले दोघं रेषेबाहेर चुळबुळत उभे होते, पण आत यायला कुणी पाय उचलेना. ऊन कुंपण ओलांडून कोर्टावर आलं. बऱ्याच वेळाने शरणप्पाचा हात भरून आला. तेव्हा त्याने खालून दुसऱ्या हाताचा आधार दिला, पण पॅडल मागे घेतलं नाही.