जन्म तिकडचा

घरात मला चिमणी म्हणतात. ही चिमणी अंगाने चांगली दांडगी आहे आणि डेपोतली सगळ्यात लांब बस चालवते. परवाना नव्याने करायला गेले, तर म्हणाले नागरिकत्वाचा दाखला आणा. असा दाखला आपल्याकडे नाहीच, हे मला चाळिशीत कळलं.

वकीलबाईंच्या खोलीत आई माझ्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी दोन वर्षांची असताना तिने आणि बाबांनी मला परदेशातल्या अनाथाश्रमातून आणलं. दत्तकाचा हुकूम आहे, माझा तेव्हाचा व्हिसा आहे.

"आईवडील इथलेच म्हटल्यावर अठराच्या आत साधा अर्ज पुरला असता, काकू. का नाही दिलात?" वकीलबाईंनी विचारलं.

"गेले होते की. कचेरीतला कारकून म्हणाला, नातं 'दत्तक' लिहा. मी म्हटलं, मुलगी लिहीन. तो ऐकेना, मग मीही ऐकलं नाही. अर्ज तसाच अर्धवट त्याच्या टेबलावर टाकून आले. म्हटलं, लेक आपली, घर आपलं, कागद हवाय कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत मला कुणी 'आणलेली' म्हटलं, की हीच बाई मुख्याध्यापकांच्या दारात भांडायला उभी राहायची. तिच्यावर ओरडणार तरी कुठल्या तोंडाने?

वकीलबाई म्हणाल्या, "आता परदेशी म्हणूनच अर्ज करावा लागेल. पण व्हिसा कधीच संपलाय. अर्ज केला की नजरेत याल, परत पाठवूही शकतात. नाहीतर गप्प राहायचं आणि बस चालवणं सोडायचं."

"इकडे आड, तिकडे विहीर," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"परत म्हणजे कुठे?" आईचा आवाज चढला. "तिथली भाषा येत नाही तिला. साधं पाणी मागता यायचं नाही!"

"जन्म तिकडचा आहे, काकू."

आईने पदराने चष्मा पुसला. "बरं. मग मीही जाते तिच्याबरोबर. मला काय, दोन साड्या घेतल्या की झालं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "भेटायला जाल. राहू नाही देणार. तिकडे तुम्ही परदेशी."

"अहो, आई आहे मी तिची."

"आई असलात तरी."

आईने माझ्याकडे पाहिलं. आता मी भांडेन, असं तिला वाटत असावं. मी तिच्या मांडीवरची पर्स उचलून माझ्या मांडीवर घेतली.