वायरलेसवरची जागा

मी पवईला कॉम्प्युटरवर काम करते, म्हणून घरात मिक्सरपासून पाण्याच्या पंपापर्यंत जे बिघडेल ते माझ्या गळ्यात. या रविवारी पप्पांच्या बोटीवरचा जीपीएस आणि वायरलेस एकमेकांना जोडायचं काम निघालं. बोट गोराईच्या जेटीला बांधलेली, मासेमारीची बंदी उठायला आलेली आणि मी चर्चमधली मिसा उरकून थेट केबिनमध्ये डोकं घालून बसलेली.

खरं तर हट्ट माझाच होता. गेल्या हंगामात माझा धाकटा भाऊ ॲड्रियन पहिल्यांदाच पप्पांशिवाय बोट घेऊन गेला, इंजिन बंद पडलं आणि पोरगा रात्रभर वाहत राहिला. सकाळी दुसऱ्या बोटीने ओढून आणला. मदतीचं लाल बटण दाबलं होतं, असं तो सांगत होता. खलाशी खाली इंजिनाशी झटत होता, म्हणजे साक्षीदार कोणी नाही. पप्पांनी ठरवून टाकलं की पोरगा गळपटला, बटणबिटण काही दाबलं नाही. गावानेही तीच री ओढली. तेव्हापासून ॲड्रियन बोटीवर पाय ठेवत नाही. माझा त्याच्यावर विश्वास होता आणि पप्पांचा भयंकर राग येत होता.

बटण दाबलं की वायरलेस हाक देतो आणि सोबत बोटीची जागा पाठवतो. ती जागा त्याला जीपीएसकडून कळते. ऐकायला सोपं आहे. जीपीएसच्या पुस्तकात पिवळी वायर बाहेर सांगणारी, वायरलेसच्या पुस्तकात पिवळीच आत ऐकणारी. पिवळीला पिवळी जोडली, ढिम्म. पिवळीला निळी जोडली, तरी ढिम्म. सेटिंगमध्ये जाऊन दोघांचा वेग सारखा केला, तरी जीपीएसचं वायरलेसला काही ऐकूच जाईना.

आणि गंमत म्हणजे वायरलेसच्या पडद्यावर जागेचे आकडे होतेच. फोनच्या नकाशात टाकून बघितले, तर बरोब्बर आमची जेटी. मी जीपीएसच बंद केला, तरी आकडे जागचे हलले नाहीत. मग याला जागा सांगतंय कोण? डोक्याचा भुगा झाला.

शेवटी वायरलेसमागची फळी उघडली. मागे वायर कापलेली होती, सुरीने, नीट, आणि दोन्ही टोकांना जुनी चिकटपट्टी गुंडाळलेली. पप्पा दारातच उभे होते. त्यांना विचारलं, तर त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. घोळ मासा कुठे लागतो ती जागा गावात कोणी कोणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. वायरलेसला जागा कळली की सगळ्यांना कळणार, या भीतीने त्यांनीच वायर कापली होती. पण जागा मिळाली नाही की वायरलेस टीं टीं करून जीव खातो. म्हणून बोट निघायच्या आधी दर वेळी ते स्वतःच्या हाताने जेटीचे आकडे टाकायचे.

"ॲड्रियन गेला तेव्हापन टाकलेले?" मी विचारलं.

"टाकलेले. टीं टीं बंद कराला. त्याचा काय?"

मी समजावून सांगितलं. बटण दाबलं की तेच आकडे जातात. म्हणजे त्याने बटण दाबलं असेल, तर मदत जेटीवर आली असणार. पप्पांनी ते पुन्हा सांगायला लावलं. जेटीच्या कठड्यावर ॲड्रियन बसला होता, त्यालाही सगळं ऐकू जात होतं. तो उठून उभा राहिला.

पप्पा खाली फळीवर बसले.

"त्या सांजला पोलिसांची लाँच आलेली," ते म्हणाले. "विचारत होते, इथून कोनी मदत मागितली काय."

"मग?"

"मीच होतो जेटीवर. मी सांगितला, कोनी नाय मागितली, जा परत."